शिवसागरावरच्या बोटीचा पंखा: प्रकल्प नोंदी

४ डिसेंबर, बामणोली

बोट शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, प्रवासी नेणारी. फायबरची, २० फुटी, तळ पुढे जरा टोकदार आणि मागे जवळजवळ सपाट. मागच्या फळीवर ४० एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, हातदांड्याचं, गिअरचं प्रमाण २.००, म्हणजे इंजिनच्या दोन फेऱ्यांना पंख्याचा एक. इंजिनच्या पाटीवर पूर्ण थ्रॉटलची मर्यादा ४५०० ते ५५०० आरपीएम (मिनिटाला फेरे) लिहिली आहे. पंखा अॅल्युमिनियमचा, तीन पात्यांचा, व्यास ११¼ इंच, पिच १३, म्हणजे एका फेऱ्यात पंखा कागदावर १३ इंच पुढे जातो.

तक्रार अशी: दोघंतिघं असताना बोट छान पळते, आठ प्रवासी बसले की नाक वर करून चालते, पाण्यावर उठून त्यावरून घसरत धावत नाही. मागे मोठी लाट, पेट्रोल भरमसाट, प्लग काळे आणि ओले. धक्क्यावर सगळ्यांचं मत एकच, ‘इथली हवा विरळ, इंजिनला दम लागतो.’ खरंच तसं आहे का, हे आधी मोजायचं. पंखा त्यानंतर बदलायचा.

चाचणीचे नियम ठरवले. प्रवासी घेऊन चाचणी नाही. आठ माणसांऐवजी ३५ लिटरचे १६ डबे पाण्याने भरून बाकांवर बांधायचे. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे ५६० किलो वजन हिशोबात चोख बसतं आणि काम संपलं की तिथेच ओतून टाकता येतं. रिकामी बोट म्हणजे चालवणारा, नोंद घेणारा, इंजिन आणि इंधन धरून सुमारे ७१० किलो. भरलेली बोट डब्यांच्या वजनासह १३०० च्या आसपास. वेग जीपीएसवर, जाताना आणि येताना दोन्हीकडून घेऊन सरासरी, कारण दरीतून वाहणारा वारा एका दिशेला फुकटचे दोन किमी देतो. चाचणी सकाळी नऊच्या आत, शनिवार-रविवार सोडून. दोघांनी लाईफ जॅकेट घालायचं आणि किल-स्विचची (दोरी ओढली गेली की इंजिन बंद करणारा) दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला.

५ डिसेंबर

टॅकोमीटर (फेरे मोजणारा मीटर) साधा, प्लगच्या वायरीला गुंडाळायचा. पहिल्याच फेरीत ८७०० दाखवू लागला. बिघाड नव्हता, सेटिंग फोर-स्ट्रोकचं होतं. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी पडते, मीटर मात्र दोन फेऱ्यांना एक धरून चालला होता, म्हणून आकडा दुप्पट. ओळखायची सोपी खूण: आयडलला ९०० च्या आसपास दिसलं तर सेटिंग बरोबर, १८०० दिसलं तर दुप्पट चाललंय. हे न पाहता पंखा निवडला तर सगळी आकडेमोड वाया.

दुरुस्त मीटरवर पूर्ण थ्रॉटलचे आकडे:

रिकामी: ४३५० आरपीएम, ३५.५ किमी/तास.
भरलेली: ३८०० आरपीएम, २१.५ किमी/तास, बोट उठली नाही.

घसर म्हणजे स्लिप, पंख्याच्या कागदावरच्या वेगापेक्षा बोटीचा खरा वेग किती टक्के कमी ते. ती काढायला एकच सूत्र वापरतोय: आरपीएम × पिच × ०.००१५२४ ÷ गिअरचं प्रमाण. याने पंख्याचा कागदावरचा वेग किमी/तासात येतो. रिकाम्या बोटीचा ४३.१ येतो, प्रत्यक्षात ३५.५, म्हणजे घसर १८ टक्के. भरलेल्या बोटीचा ३७.६ येतो, प्रत्यक्षात २१.५, म्हणजे ४३ टक्के. अशा कामाच्या बोटीला भरलेली असताना ३० टक्क्यांपर्यंत घसर चालून जाते. ४३ म्हणजे पंखा पाणी नुसतं मागे ढकलतोय आणि बोट स्वतःच्याच लाटेच्या चढावर अडकली आहे.

महत्त्वाचं हे की रिकाम्या बोटीतही इंजिन ४५०० ला पोचत नाही. थ्रॉटल पूर्ण उघडा आणि फेरे कमी, ही टू-स्ट्रोकची सर्वांत वाईट अवस्था. सिलिंडरमध्ये दाब आणि उष्णता चढते, वेग नसल्याने बोट लवकर पोचत नाही, आणि तीच अवस्था तासभर टिकते. पिस्टन जळतात ते बहुधा अशा ओढीने.

६ डिसेंबर

पंखा उतरवला. आधी किल-स्विचची क्लिप काढली आणि प्लगच्या सगळ्या वायरी सुट्या केल्या. गिअरमध्ये असलेलं इंजिन पंखा हाताने फिरवला तरी सुरू होऊ शकतं. पातं आणि वरची आडवी प्लेट यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवून नट सोडला.

थ्रस्ट वॉशरच्या (पंख्याची ढकल झेलणारी चकती) मागे नायलॉनचा मासेमारीचा धागा, चांगला वाटीभर. हा धागा शाफ्टच्या सीलमध्ये शिरतो, सील कापतो, पाणी गिअरबॉक्समध्ये जातं. खालचा स्क्रू सैल करून थोडं गिअर ऑइल काढून पाहिलं. दुधाळ नाही, म्हणजे सील अजून शाबूत. शिवसागरात जाळी बऱ्याच ठिकाणी असतात, त्यामुळे महिन्यातून एकदा पंखा उतरवून इथे नजर टाकायची.

पंखा आणि शाफ्ट यांच्या मधल्या रबरी बुशवर आतून बाहेरपर्यंत खिळ्याने एक सरळ रेघ ओढून ठेवली. बुश घसरत असेल तर रेघ तुटक दिसेल. इथे ती शंका मुळात कमी होती, कारण बुश घसरला की आरपीएम चढतो आणि वेग पडतो. आपल्याकडे दोन्ही पडलेले आहेत. पण रेघ मारायला पैसे पडत नाहीत आणि पुढे ती कामाला येते.

पात्यांच्या पुढच्या काठाला चार खाचा, एका पात्याचं टोक वाकलेलं. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या झाडांच्या बुंध्यांची ही कामगिरी असणार.

९ डिसेंबर, सातारा एमआयडीसीतल्या एका लेथवर

पिच डोळ्यांनी कळत नाही, मोजावाच लागतो. प्लायवुडवर केंद्रातून ४० अंशांच्या अंतराने दोन रेघा आखल्या, पंखा केंद्रावर उताणा ठेवला. मोजमाप त्रिज्येच्या सात दशांशावर घ्यायचं. आपल्या पंख्यात ते नेमकं १०० मिमी येतं. दोन्ही रेघांवर पात्याच्या दाब देणाऱ्या बाजूची उंची घ्यायची, फरक काढायचा, त्याला ३६० ने गुणून ४० ने भागायचं. तेरा इंची पिचला फरक ३६.७ मिमी यायला हवा.

पहिलं पातं ३६.५. दुसरं ३६.९. तिसरं ३३.० म्हणजे पिच ११.७ इंच. एकच पातं सव्वा इंचाने मऊ पडलेलं. हातदांड्यात येणारी थरथर इथून येत होती.

वाक कमी होता, तडा आहे का ते तडा दाखवणारा रंग (डाय) लावून पाहिलं, नव्हता. म्हणून थंडच, शिशाच्या ठोकळ्यावर ठेवून लाकडी मोगरीने हळूहळू बसवलं. ३६.४ वर आलं. पुन्हा त्याच पात्याला असा वाक आला तर सरळ करायचं नाही, अॅल्युमिनियम दोनदा वाकवलं की मुळाशी तडकतं. खाचा कानशीने काढल्या, काठ गोल ठेवला. काही जण पुढचा काठ सुरीसारखा धारदार करतात. त्याने वेग वाढत नाही. धार पहिल्या काडीला मुडपते आणि त्या मुडपीमागे बुडबुडे उठून पातं खरवडलं जातं. शिवाय तो पंखा पाण्यात उतरलेल्या माणसाच्या जवळपास फिरतो, हे विसरू नये.

तोल: निमुळत्या दांड्यावर (मॅन्ड्रेल) चढवून दोन समतल पट्ट्यांवर ठेवला. जड पातं खाली येतं. पुढच्या फुगीर पृष्ठावरून, काठांपासून लांब, थोडं थोडं घासलं. कोणत्याही जागी थांबेपर्यंत.

बसवताना शाफ्टवरच्या खाचांना (स्प्लाइन) ग्रीस, थ्रस्ट वॉशरची निमुळती बाजू गिअरबॉक्सकडे, नट घट्ट. कॉटर पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे घट्ट करून जुळवायचं, सैल करून नाही. पिन दर वेळी नवी, स्टेनलेसची.

११ डिसेंबर

दुरुस्त पंख्यावर रिकामी बोट: ४२५० आरपीएम, ३६.५ किमी/तास. भरलेली: ३७५०, २१.५.

आरपीएम शंभराने घटला म्हणून दुरुस्ती फसली असं वाटू शकतं. उलट आहे. मऊ पातं पुन्हा पूर्ण पिचवर आलं, म्हणून भार वाढला आणि घसर १८ वरून १३ टक्क्यांवर आली. थरथर गेली. भरलेल्या बोटीचं दुखणं मात्र तसंच.

१७ डिसेंबर

इंजिनची उंची. बोटीच्या तळाला सरळ पट्टी लावून मागे लांबवली. आडवी प्लेट तळरेषेपेक्षा ५५ मिमी खाली. फार खोल. गिअरबॉक्सचा जाड भाग विनाकारण पाण्यातून ओढला जातोय आणि मागे फवारा उडतोय.

या प्लेटला सगळीकडे अँटी-कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. नाव चुकीचं आहे आणि त्यातून निदानही चुकतं. ही प्लेट वरची हवा पंख्याकडे ओढली जाण्यापासून रोखते. पंखा हवा पितो ते वेगळं, तेव्हा वळणावर इंजिन एकदम किंचाळतं आणि पकड जाते. कॅव्हिटेशन म्हणजे पात्याच्या पाठीवर दाब इतका पडणं की पाण्याचीच वाफ होते आणि ते बुडबुडे फुटताना धातू टोचून काढतात. हवा पिणं उंचीने सुटतं, कॅव्हिटेशन पात्याचा काठ नीट करून किंवा पात्याचं क्षेत्रफळ वाढवून. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

इंजिन ५० मिमी उचलून पाहिलं: सरळ मार्गावर उत्तम, भरलेल्या बोटीने वळण घेतलं की पंखा हवा प्यायला, आरपीएम ५२०० च्या पुढे उसळला. १२ मिमी खाली आणून ३८ वर कायम केलं. प्लेट आता तळापेक्षा १७ मिमी खाली. फळीवर सागाची पट्टी, दोन आरपार बोल्ट, जुनी भोकं मरीन सीलंटने भरली. फळीच्या आत प्लायवुड असतं, एक उघडं भोक पावसाळ्याभरात ते कुजवतं. साखळीही बांधली, क्लॅम्पच्या स्क्रूवर एकट्यावर विश्वास नको.

ट्रिमची पिन, म्हणजे इंजिनचा कल ठरवणारी, एक भोक आत घेतली. भरलेल्या बोटीचं नाक खाली येतं. रिकामी बोट थोडी जड चालते, ते चालेल.

रिकामी: ४३५०, ३७.५. भरलेली: ३८००, २२.

१८ डिसेंबर

आता हवेचा प्रश्न. कोयना धरणाची पूर्ण पातळी २१६३ फूट, म्हणजे सुमारे ६५९ मीटर. इतक्या उंचीवर साध्या कार्ब्युरेटरच्या इंजिनची ताकद ६ ते ७ टक्के कमी होते. म्हणजे ४० चे साधारण साडेसदतीस एचपी. पंख्याला लागणारी ताकद आरपीएमच्या घनाच्या आसपास वाढते, म्हणून ताकद ७ टक्क्यांनी घटली तर फेरे सव्वादोन-अडीच टक्क्यांनीच घटतात. शंभर, फार तर सव्वाशे आरपीएम.

आपण मात्र भरलेल्या बोटीत ४५०० च्या ७०० खाली आहोत. डोंगराचा वाटा शंभरचा. बाकीचे सहाशे पिचचे. तेरा पिचचा पंखा दोन माणसांच्या हलक्या बोटीचा आहे आणि तो प्रवासी बोटीला लावला आहे, एवढंच दुखणं.

कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं भोक) बारीक करायचा सल्लाही धक्क्यावर मिळतो. केला नाही. या उंचीला मिश्रण किंचितच श्रीमंत होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, आणि जेट बारीक करून मिश्रण पातळ झालं तर पूर्ण थ्रॉटलला पिस्टन वाचत नाही. जेटमधून ५० फेरे मिळवण्यापेक्षा पंख्यातून ७०० मिळवावेत.

२ जानेवारी

नेहमीचा ठोकताळा: पिच एक इंच कमी केला की १५० ते २०० आरपीएम वाढतात. सातशे हवेत म्हणजे चार इंच, म्हणजे नऊ पिच. कागदावर बरोबर, पाण्यावर घोटाळा. नऊ पिचचा पंखा ५५०० ला सुद्धा कागदावर ३७.७ किमीच देतो, घसर वजा केली की रिकामी बोट ३२-३३ वर थांबेल आणि इंजिन मर्यादेबाहेर पळेल. या इंजिनला फेरे रोखणारी यंत्रणा नाही.

आणखी एक गोष्ट ठोकताळ्यात नाही. भरलेली बोट चढावर अडकलेली असताना तिचा विरोध अवाजवी मोठा असतो. एकदा ती चढ ओलांडून पाण्यावर उठली की विरोध घटतो आणि फेरे ठोकताळ्यापेक्षा जास्त चढतात. म्हणून दोन इंच खाली येऊन पाहणं शहाणपणाचं. ११ आणि १० असे दोन पिचचे पंखे आणले, व्यास तोच, तीन पाती. तीच मापणी: दोन्ही पंख्यांची सहाही पाती अर्ध्या मिमीच्या आत. नवा पंखा मोजल्याशिवाय लावायचा नाही, हे ठरवूनच टाकलं आहे.

७ जानेवारी

११ पिच. रिकामी: ५०५०, ३६.५ किमी/तास, घसर १४ टक्के. भरलेली: ४५५०, २६.५, घसर साधारण ३० टक्के. स्थिर अवस्थेतून पाण्यावर उठायला १४ सेकंद.

१० पिच. रिकामी: ५५००, ३५.५, घसर १५ टक्के. भरलेली: ४८५०, २६.५. उठायला ९ सेकंद.

तेरा पिचवर जी बोट उठतच नव्हती ती दोन्ही पंख्यांवर उठली. भरलेल्या बोटीचा वेग २२ वरून २६.५, आणि रिकाम्या बोटीचा ११ वर फक्त एक, १० वर दोन किमी गेला. प्रवासी बोटीसाठी हा सौदा डोळे मिटून घ्यावा.

८ जानेवारी

११ की १०, हे ठरवण्याआधी वजनाची जागा बदलून पाहिली. मागच्या बाकावरचे चार डबे एक बाक पुढे. ११ पिचवर उठायला १४ ऐवजी १० सेकंद, फेरे ४६५०, वेग २७. फुकटात मिळालेले शंभर फेरे. धक्क्यावर प्रवासी चढताना सगळे मागे, इंजिनजवळ, बसायला बघतात. दोघांना पुढे बसवणं हे पंख्याइतकंच कामाचं.

निर्णय: ११ पिच बोटीवर. १० पिच पेटीत, सुटा पंखा म्हणून. सुटा पंखा नेहमी कमी पिचचा असावा. तो लागतो तेव्हा बोट भरलेली असते, वेळ संध्याकाळची असते, आणि इंजिनावर ओढ नको असते.

१४ जानेवारी

इंधन. पेट्रोलचा डबा लटकत्या काट्यावर आधी आणि नंतर तोलला. लिटरला ०.७४ किलो धरलं. सहा किमीची भरलेली फेरी. जुना १३ चा पंखा पुन्हा लावून, पूर्ण थ्रॉटल: ३.१ किलो, म्हणजे ४.२ लिटर. ११ च्या पंख्यावर, थ्रॉटल मागे घेऊन ४२०० फेऱ्यांवर २३.५ किमी/तास: २.४ किलो, म्हणजे ३.२ लिटर. सहा किमीला एक लिटर वाचलं, आणि बोट आधीपेक्षा लवकर पोचली. प्लग आता तपकिरी, कोरडे.

२१ जानेवारी

विचारणा झाली म्हणून नोंद: पात्याच्या मागच्या काठाला ‘कप’ द्यायचा का? कप म्हणजे काठ दोनतीन मिमी वळवणं. पकड वाढते, फेरे १५०-२०० ने उतरतात. स्टेनलेसवर चांगलं काम होतं. अॅल्युमिनियमच्या काठावर तडे जातात. आपल्या बोटीला फेरे वाढवायचे आहेत, उतरवायचे नाहीत. करायचं नाही.

१८ मार्च

पाणी झपाट्याने उतरतंय, बुंधे वर येऊ लागलेत. भरधाव नाही, साध्या चालीत ठोकर बसली. आवाज झाला, पाती शाबूत. नंतर थ्रॉटल दिला की फेरे ५४००, वेग १२. रेघ पाहिली, आतल्या आणि बाहेरच्या रेघेत बोटभर फरक. बुश घसरला. आयडलच्या जरा वर, घसरणार नाही इतक्याच फेऱ्यांवर बोट धक्क्याला आणली.

बुशचं काम हेच आहे. ठोकरीचा मार गिअरपर्यंत जाण्याआधी तो घसरतो. स्टेनलेसच्या पंख्याबद्दल बरेच जण विचारतात, वेगाला तो सरस आहेच, पण पातं वाकत नाही म्हणून मार आत जातो. मार्च ते जूनच्या शिवसागरात अॅल्युमिनियमच बरा. काही ठिकाणी घसरलेल्या बुशमधून आरपार बोल्ट मारून पंखा ‘पक्का’ करतात. तो बोल्ट म्हणजे पुढच्या ठोकरीला गिअरबॉक्स गेलाच. हे कधीही करू नये.

१० चा सुटा पंखा पंधरा मिनिटांत चढला.

२० मार्च

हँडप्रेसवर जुना बुश दाबून काढला, नवा बसवला. बसवताना साबणाचं पाणी लावलं. तेल किंवा ग्रीस नाही, ते रबरात राहतं आणि बुश पुन्हा घसरतो. साबण वाळून जातो. रात्रभर ठेवून नवी रेघ मारली.

२४ एप्रिल

दुपारी ३५ अंशाला भरलेली चाचणी, ११ पिच: ४५९०. सकाळी १९ अंशाला तीच बोट, तेच डबे: ४६५०. उन्हाने साठ फेरे घेतले. दोन्ही वेळा ४५०० च्या वर.

उतरलेल्या पाण्यात धक्क्याजवळ गाळ उडतो, इंजिन थंड करणारी पाण्याची धार बारीक झाली होती. खालच्या जाळीतला गाळ काढला. धार पूर्ववत. पुढची पंख्याची तपासणी १० मे.